डावी टाकी, उजवी टाकी

[दृश्य : पहाट. लाल सुळक्यांवर पहिला उजेड. कॅमेरा सरकत ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराच्या, पुढच्या टोकाशी येतो.]

अमेरिकेतील युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचा हा कडा सुमारे 2,400 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेसातशे मीटर वर आहे. चुनखडीच्या भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठते, दिवसा वितळते आणि हे सुळके कणाकणाने कोरत राहते. ऑक्टोबरच्या अखेरीस इथल्या रात्रींचे तापमान शून्याखाली जाते. उद्यानाच्या नॉर्थ कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. त्यामुळे ऊब, स्वयंपाक, गरम पाणी आणि फ्रिज या साऱ्यांचा भार ट्रेलरच्या दांडीवर, प्लास्टिकच्या झाकणाखाली शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन टाक्यांवर येतो.

[दृश्य : झाकण काढले जाते. दोन पांढऱ्या टाक्या, मध्ये रेग्युलेटर.]

या दोन्ही टाक्या प्रोपेनच्या असून प्रत्येकीत 20 पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो गॅस मावतो. घरातल्या 14.2 किलोच्या लाल सिलिंडरची सवय असलेल्या डोळ्यांना त्या बुटक्या वाटतील, पण त्यांच्यातला गॅसही वेगळा आहे. आपल्याकडचा घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. त्यातले ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचेच थांबते, तर निव्वळ प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत उकळत राहते. या कड्यावर गोठत्या रात्री शेगडी पेटते ती त्यामुळेच.

दोन टाक्या म्हटल्यावर मराठी घरातल्या माणसाला ‘डबल सिलिंडर’ आठवतो. एक शेगडीला जोडलेला, दुसरा कोपऱ्यात भरून ठेवलेला, आणि पहिला संपला की दुसरा लावून त्याच दिवशी नंबर लावायचा, अशी ती रीत असते. ट्रेलरच्या टाक्याही याच रीतीने वापराव्यात असे आमचे ठाम मत आहे, आणि दोन्ही टाक्यांच्या मध्ये बसवलेले स्वयंचलित उपकरण नेमकी हीच रीत मोडते.

[दृश्य : रेग्युलेटर अगदी जवळून. खटका, त्यावरचा बाण, काचेच्या खिडकीतला हिरवा रंग.]

या रेग्युलेटरला दोन्ही टाक्यांकडून एकेक आखूड नळी येते. 21 अंश तापमानाला टाकीतला दाब दर चौरस इंचाला सुमारे 110 पौंड इतका असतो. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दहा-पंधरा पौंडांवर आणतो आणि दुसरा टप्पा पाण्याच्या 11 इंच उंचीच्या स्तंभाइतका, म्हणजे अर्ध्या पौंडाहूनही कमी करतो. खटक्यावरचा बाण ज्या टाकीकडे असेल ती चालू टाकी आणि दुसरी राखीव. दोन्हींच्या चाव्या उघड्या असतील, तर चालू टाकीचा दाब पडताच रेग्युलेटर आपोआप राखीव टाकीतून गॅस घेऊ लागतो आणि खिडकीतला हिरवा रंग जाऊन तांबडा येतो.

एवढी चोख व्यवस्था असताना तक्रार कशाची, असे कुणी विचारील. तक्रार तांबड्या रंगाच्या जागेची आहे. तो ट्रेलरच्या बाहेर, झाकणाआड दिसतो, आणि आत शेगडीची ज्योत किंचितही थरथरत नाही. पहिली टाकी मंगळवारी संपली आणि खिडकीकडे शुक्रवारपर्यंत कुणी पाहिलेच नाही, तर राखीव म्हणून बरोबर आणलेली टाकीही तोवर निम्म्याहून अधिक रिकामी झालेली असते. म्हणून आम्ही राखीव टाकीची चावी पूर्ण बंद ठेवतो. पहिली संपली की गॅस थांबतो आणि तो थांबल्याचे कळते. त्यासाठी एखाद्या पहाटे थंडीत उठावे लागते, हे मान्य आहे. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर दोन्ही चाव्या उघड्या ठेवून रोज सकाळी खिडकी पाहावी.

[दृश्य : निघण्याच्या आदल्या दिवशीचे चित्रण. घराचे अंगण, वजनकाटा, त्यावर टाकी.]

टाकीत किती गॅस आहे हे दाबावरून कळत नाही, कारण आत थोडे जरी द्रवरूप प्रोपेन शिल्लक असले तरी दाब तापमानाप्रमाणे ठरतो, साठ्याप्रमाणे नव्हे. बाजारात मिळणाऱ्या दाबाच्या तबकड्या याच कारणाने शेवटपर्यंत ‘भरलेली’ दाखवतात आणि मग एकदम खाली येतात. आमच्या आया ओला फडका फिरवून सिलिंडरवरची ओल कुठवर टिकते ते पाहत असत, ती युक्ती इथेही चालते, पण खरे उत्तर वजनकाट्याकडेच मिळते. टाकीच्या गळपट्टीवर ठोकलेली अक्षरे पाहावीत. ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचे वजन असते. आमच्या टाक्यांवर ते 17 पौंड आहे. उजवी टाकी काट्यावर 37 पौंड भरली, म्हणजे तिच्यात पूर्ण 20 पौंड गॅस होता. डावीने 31 दाखवले, म्हणजे तिच्यात 14 पौंड गॅस उरला होता.

आता हिशेब मांडता येतो. एक पौंड प्रोपेन सुमारे 21,600 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एक एकक) इतकी उष्णता देते. आमचा हीटर ताशी 20,000 बीटीयूचा आहे आणि थंड रात्री तो अधूनमधून मिळून सुमारे चार तास पेटतो, म्हणजे रात्रीला पावणेचार पौंड लागतात. फ्रिज आणि स्वयंपाक मिळून दिवसाला आणखी एक पौंडभर धरला, तर डाव्या टाकीने जेमतेम तीन रात्री काढायला हव्या होत्या.

[दृश्य : गॅस भरण्याचे ठिकाण. पाइप जोडलेला. टाकीच्या चावीजवळून पांढऱ्या धुक्याचा फवारा.]

उजवी टाकी भरतानाचे हे चित्रण पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. भरणारा माणूस चावीलगतचा छोटा स्क्रू सैल करतो आणि वाट पाहतो. सुरुवातीला तिथून फक्त वायू येतो. द्रव टाकीच्या 80 टक्के पातळीला पोहोचला की तिथूनच पांढरे धुके उडते आणि तो पंप बंद करतो. उरलेला पाचवा भाग मुद्दाम मोकळा सोडायचा असतो, कारण ऊन लागल्यावर द्रव प्रोपेन फुगते आणि त्याला जागा लागते. चावीची मूठ त्रिकोणी आहे, याचा अर्थ आत प्रमाणाबाहेर भरणे रोखणारा तरंगता अडसरही आहे. अशी चावी नसलेल्या जुन्या टाक्या भरून देणे अमेरिकेत 2002 सालापासून बंद झाले.

दुकानांबाहेरच्या पिंजऱ्यांतून रिकामी टाकी देऊन भरलेली घेण्याची सोयही सर्वत्र आहे. घाईत ती उपयोगी पडते, परंतु तिथल्या टाकीत बहुधा 20 नव्हे, 15 पौंडच गॅस असतो, आणि आपल्या टाकीत उरलेला गॅस त्यांच्याकडे जातो तो वेगळाच. त्यापेक्षा आपली टाकी आपणच भरून घ्यावी. गळपट्टीवरची निर्मितीची तारीखही मग आपल्या माहितीची असते. बारा वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाल्याशिवाय कोणी टाकी भरून देत नाही.

[दृश्य : तिसऱ्या रात्रीनंतरची पहाट. टॉर्चचा उजेड, हातमोजे, डाव्या टाकीवर दवाचे थेंब.]

डावी टाकी पहाटे संपली. तो क्षण टिपायला कॅमेऱ्यामागे कुणी जागे नव्हते. हीटरचा पंखा फिरत होता, पण वारा गार येत होता.

पुढचे सारे मात्र चित्रित झाले आहे. आधी डाव्या टाकीची चावी बंद केली, मग खटका उजवीकडे वळवला आणि उजव्या टाकीची चावी अगदी सावकाश उघडली. ती झटकन उघडली तर जोडणीतला सुरक्षा-झडपेचा खिळा गॅसची गळती झाली असे समजून प्रवाह आवळतो, आणि शेगडीवर करंगळीच्या नखाएवढी ज्योत येते. तसे झालेच तर चावी बंद करावी, आतली उपकरणेही बंद करावीत, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा हळू उघडावे. यानंतर लगेच हीटर लावू नये. नळीत हवा शिरलेली असू शकते, म्हणून आधी शेगडीचा एक बर्नर पेटवावा आणि ज्योत स्थिर निळी झाली की मगच बाकीचे सुरू करावे.

[दृश्य : दिवसाउजेडी डावी टाकी काढली जाते. हिरवी मूठ. साबणाचे बुडबुडे.]

नळीच्या टोकाची ही मोठी हिरवी मूठ हातानेच घट्ट करायची असते. तिला पाना लावण्याचा मोह आवरावा, कारण पान्याने तिचे प्लास्टिक तडकते. जोडून झाले की साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडा फुगतो का ते पाहावे. गळती अंगावर आली तर काय होते ते थोडक्यात सांगता येते : प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने ते जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. प्रवासात दोन्ही चाव्या बंद असाव्यात. पेट्रोल पंपावर तर असाव्यातच.

टाकी संपत आली की सिलिंडर आडवा करून उरलासुरला गॅस काढण्याची एक जुनी सवय आपल्याकडे आहे. ती इथे तर नकोच. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव नळीत उतरतो, आणि त्या द्रवासाठी हा रेग्युलेटर बनवलेलाच नाही.

[दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. सामान बांधले आहे. कॅम्पग्राउंडमधल्या लाकडी बाकावर वजनकाटा, त्यावर उजवी टाकी. मागे सुळके.]

काटा 32 दाखवतो. एका दिवसात पाच पौंड गेले, पंधरा उरले. खिडकीचा रंग तांबडा आहे, कारण दोन्ही चाव्या आता बंद केल्या आहेत. घरापर्यंतच्या रस्त्यात आणखी दोन मुक्काम आहेत, आणि डावी टाकी वाटेत पहिल्या गावात भरून घ्यायची आहे.