इशारा पातळीच्या आधी

(आयर्विन पूल, वरून. गढूळ पाणी.)

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून कृष्णेवर उभा आहे. इथं फुटांचे आकडे रंगवलेत आणि पावसाळा लागला की नदीकाठ या आकड्यांवरच जगतो. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. २००५ चा पूर लोक विसरत आले होते, तोवर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मग पुन्हा २०२१. आज पाणी इशारा पातळीच्या खूप खाली आहे.

(गल्ली. भिंत. शिलाई मशीन.)

भिंतीवर ही तपकिरी रेघ दिसते ती २०१९ ची. वरून रंग दिला, तरी ओल आली की ती उमटतेच. माळ्याजवळ खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलीय. त्यात रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, मुलीची दहावीची मार्कशीट. पूर असो नसो, ती पिशवी बारा महिने तिथंच असते.

या ताई ब्लाऊज शिवतात. पत्र्यावर सर आली, तशी त्यांच्या बोटांकडे बघा. दोरा नेढ्यापर्यंत जातो आणि बाजूनं निसटतो. टोक ओलं करून पुन्हा ओवायला जातात, पुन्हा निसटतो. बाहेरून शेजारीण विचारते, "वैनी, कोयनेतनं किती सोडलंय?" हात तिथंच थांबतो.

(बोटं, जवळून.)

हा पावसाचा आवाज मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या छोट्याशा भागापर्यंत पोचलेला असतो. धोका समोरचा आहे की आठवणीतला, याची शहानिशा व्हायच्या आत तिथून इशारा सुटतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. पळायचं तर मोठ्या स्नायूंना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात धडधडायला लागतं. पोटाकडचं रक्त कमी होतं, पचन मंदावतं. पोटात गोळा येतो म्हणतात तो असा. घशाला कोरड पडते. श्वास भराभर चालतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. माणसाला वाटतं, हा हार्ट अटॅकच. मान आणि जबडा आवळलेले राहतात, म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकतं. मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, ते अंगाला सावध ठेवतं. पाणी ओसरतं, गाळ निघतो, पण हे सावध राहणं काही संपत नाही.

(फोनचा पडदा. वहीतली मापं.)

मनावरही तोच ताण असतो. लिहून घेतलेलं माप लक्षात राहत नाही, वही पुन्हा पुन्हा उघडावी लागते. लेकीवर उगाच आवाज चढतो. पुलाची पातळी फोनवर बघितली की बरं वाटतं, पण घटकाभरच; मग पुन्हा फोन हातात. तितक्याच वेळा भीतीही ताजी होते.

ताईंनी ईसीजी काढला, ते बरोबरच केलं. छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्यायलाच हवं. रिपोर्ट नॉर्मल आला आणि घरचे म्हणाले, "काय झालेलं नाय. उगं मनाला लावून घेतीस."

ते आम्हाला मान्य नाही. हृदय धडधाकट आहे, एवढंच तो कागद सांगतो. धडधड खरी होती, मुंग्या खऱ्या होत्या, आणि त्यावर उपचार आहेत. पंचनाम्यात पडलेली भिंत लिहिली जाते, भिजलेलं धान्य लिहिलं जातं. गेलेल्या झोपेला तिथं रकाना नाही.

वर्षानुवर्षं असंच चाललं तर रक्तदाब वाढतो, काम सुटतं, काहींच्या हातात बाटली येते.

(ताई, डोळे मिटून.)

नाकानं श्वास आत, आणि त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. लांबवलेल्या उच्छ्वासानं हृदयाचे ठोके खाली येतात. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरायला लागतो, हे आधीच माहीत असलं तरी धीर येतो. त्रास आठवडेच्या आठवडे चालला तर मात्र समुपदेशन, गरज पडली तर गोळ्या. सरकारी दवाखान्यातही मानसोपचार मिळतो. रात्री-अपरात्री जीव खालवर झाला तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं.