रेने पॉवेल : वडिलांनी पेरलेल्या मैदानावरची शिक्षिका

श्रोतेहो, नमस्कार.

गोल्फ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर श्रीमंतांचा क्लब आणि कुंपणाबाहेरूनच पाहावी अशी हिरवळ उभी राहते. आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्या रेने पॉवेल ज्या हिरवळीवर खेळायला शिकल्या, ती मात्र त्यांच्या वडिलांनी दगडगोटे वेचून आणि स्वतःच्या हाताने बी फोकून तयार केली होती.

विल्यम पॉवेल हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले कृष्णवर्णीय गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांची नेमणूक इंग्लंडमध्ये होती आणि तिकडच्या मैदानांवर त्यांना मोकळेपणाने गोल्फ खेळता आले. घरी परतल्यावर मात्र ज्या देशासाठी गणवेश चढवला, त्याच देशातल्या मैदानांवर वर्णामुळे त्यांना मज्जाव झाला. मग त्यांनी स्वतःच मैदान उभारायचे ठरवले. माजी सैनिकांना मिळणारे कर्ज त्यांना नाकारले गेले, तेव्हा दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी पैसे घातले, भावाने आपले घर गहाण ठेवले, आणि १९४६ साली ईस्ट कँटन येथे ७८ एकरांचे एक जुने दुभत्या जनावरांचे शेत विकत घेतले गेले. रात्री पहारेकऱ्याची नोकरी आणि दिवसा मैदानाची मशागत, असा विल्यम यांचा दिनक्रम होता. १९४८ साली नऊ होलचे, म्हणजे चेंडू ज्यात ढकलायचा अशा नऊ खळग्यांचे, 'क्लिअरव्ह्यू' हे मैदान सुरू झाले आणि कोणत्याही वर्णाच्या माणसाला तिथे येऊन खेळता येऊ लागले. ते अठरा होलचे व्हायला मात्र १९७८ साल उजाडले.

रेने यांचा जन्मही १९४६चाच. तीन वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांच्या हाती गोल्फची काठी दिली. पुढे विद्यापीठाच्या संघाचे कर्णधारपद भूषवून १९६७ साली त्या अमेरिकेच्या महिला व्यावसायिक दौऱ्यात दाखल झाल्या. त्यांच्याआधी ही मजल मारलेली कृष्णवर्णीय स्त्री एकच होती, विम्बल्डन गाजवून गोल्फकडे वळलेल्या अल्थिया गिब्सन. तेरा वर्षांत रेने अडीचशेहून अधिक स्पर्धा खेळल्या. स्पर्धेच्या गावी कधी हॉटेलात खोली नाकारली जाई, कधी उपाहारगृहात कोणी वाढत नसे आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. गोल्फमध्ये दीड-दोन हातांवरचा चेंडू हलकेच होलमध्ये ढकलताना मनगट जरासे थरथरले तरी फटका वाया जातो. तसे पत्र वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट स्थिर ठेवायला काय लागत असेल, याची कल्पना आपण घरी बसून करू शकत नाही. १९७३ साली त्यांनी ऑस्ट्रेलियात एक स्पर्धा जिंकली. एवढ्या वर्षांच्या मानाने करंडक थोडे, असे कोणी म्हणेल. मला त्यांचे त्या मैदानांवर टिकून राहणेच मोठे वाटते.

त्यांचे खरे काम मात्र शिक्षिकेचे. १९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमियर क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. ब्रिटनमध्ये या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९९५पासून त्यांनी वडिलांच्या क्लिअरव्ह्यूवर हेच पद सांभाळले. विल्यम पॉवेल २००९च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारले. आपल्या मैदानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत स्थान मिळालेले त्यांना पाहता आले, याचे मला फार समाधान वाटते.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फचे माहेरघर म्हणतात. तिथल्या १७५४ साली स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायचे ठरवले ते थेट २०१४ साली. त्यानंतर मानद सभासद म्हणून ज्या पहिल्या सात स्त्रियांची निवड झाली, त्यांत रेने होत्या. तिथल्या विद्यापीठाने त्यांना त्याआधीच, २००८ साली, मानद डॉक्टरेट दिली होती; पुढे विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहालाही त्यांचे नाव दिले.

या सगळ्या मानसन्मानांपेक्षा माझे मन रमते ते २०११ साली क्लिअरव्ह्यूवर त्यांनी सुरू केलेल्या एका उपक्रमात. सैन्यातून निवृत्त झालेल्या स्त्रियांना तिथे गोल्फ मोफत शिकवले जाते. युद्धाच्या आठवणी घेऊन परतलेल्या या बायका. त्यांतल्या कित्येकींनी काठी कधी हातात धरलेली नसते. गोल्फमध्ये पहिला धडा पकडीचा असतो. नवख्या माणसाची मूठ भीतीने आवळलेली असते, आणि मूठ जितकी घट्ट, तितका चेंडू जवळ पडतो. म्हणून आधी बोटे सैल सोडायला शिकायचे, खांदे उतरवायचे, आणि मग चेंडूकडे पाहायचे. ज्या सैनिकाला कर्ज नाकारले गेले, त्याच्याच मैदानावर त्याची लेक या सैनिक स्त्रियांच्या शेजारी उभी राहून, त्यांची मूठ सैल होईपर्यंत थांबत आली आहे.