दानाची पिशवी एकट्यानं उघडू नका: मंडळीच्या खजिनदाराचं काम

सगळ्यांना सलाम. मी सोलापुरातून बोलतेय. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सहा वर्षं खजिनदार आहे, बिनपगारी. मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावाहून एका भावांचा फोन आला. "ताई, वार्षिक सभेत खजिनदार म्हणून माझं नाव घातलंय. मला हिशेबातलं काही कळत नाही, काय करू?" त्यांना जे सांगितलं तेच आज सांगते. हिशेब शिकता येतो. त्याआधी एक सवय लावून घ्या: दानाची पिशवी एकट्यानं उघडायची नाही. कधीच नाही.

रविवारी अर्पणाच्या पिशव्या पुढं मेजावर आल्या, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, उपासना संपली. लोक दारात एकमेकांना भेटत असतात, तेवढ्यात वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, बसून दोघांनी मिळून मोजायचं. ते दोघे एकाच घरातले नकोत. कागदावर फोड लिहायची: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, दहाच्या किती, नाणी किती. बेरीज आकड्यात आणि अक्षरात. खाली दोन सह्या. आणि सोमवारी बँकेत तेवढीच रक्कम भरायची. फुलांचे पैसे, रिक्षाचं भाडं त्यातनं आधी काढून उरलेलं भरायचं, असं करू नका. खर्च वेगळा, त्याचं व्हाउचर वेगळं.

(हातात मोजणीचा कागद घेऊन)

हे मी चूक करून शिकले. पहिल्याच उन्हाळ्यात, सोबत मोजणारे मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, लग्नाला गेलेले, म्हणून मी पिशवी घरी नेली आणि एकटीनं मोजली. कागदावर एक आकडा, बँकेच्या स्लिपवर पाचशे कमी. मोजताना चुकलं की नोट कुठं पडली, आजही कळलेलं नाही. पैसे मी माझे भरले आणि कमिटीत उभं राहून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसरी सही असती तर ती मलाच सांभाळणारी होती.

बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ८वा अध्याय काढून बघा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेलं दान न्यायचंय, आणि प्रेषित पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो. कारणही तिथंच देतो: कुणी आपल्यावर दोष ठेवू नये. पौलाला सोबत लागली, तर आपल्याला का नको?

आता नावाच्या पैशांचं. पाकिटावर कुणी "इमारत फंड" लिहिलं, कुणी "गरीब फंड", तर ते पैसे त्याच कामाचे. बँकेत खातं एकच असलं तरी वहीत पानं वेगळी हवीत. मे महिन्यात सगळे गावी जातात, अर्पण घटतं, पाळकसाहेबांचा पगार तर द्यायचाच असतो. मग कुणीतरी म्हणतं, इमारत फंडातनं घ्या, जूनमध्ये परत टाकू. माझं मत स्पष्ट आहे: खजिनदारानं आपल्या मनानं हे करू नये. कमिटीत आकडे मांडा. मंडळीला खरी अडचण सांगितली की मंडळी देते, हे मी पाहिलंय.

कापणीच्या सणाचा लिलाव मात्र खजिनदाराची परीक्षा घेतो. मालदांडी ज्वारीची कणसं, अंडी, कोंबडा, कुणाच्या घरची शेंगाचटणी. एकच नारळ तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देवाला देतो. आवाज चढलेले असतात आणि निम्मे लोक म्हणतात, "लिहून ठेवा, नंतर देतो." तर लिहूनच ठेवा: वस्तू, नाव, बोली, मिळाले, बाकी. नारळ तीनदा गेला तर तीन ओळी. पावती फक्त हातात आलेल्या पैशांची फाडा, बोलीची नाही. बाकीची आठवण एकांतात करायची, चारचौघांत नाही.

परदेशातला पैसा आला तर थांबा. आपल्या मंडळीतला मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, पासपोर्ट भारताचाच आहे, त्यानं आपल्या कमाईतनं छतासाठी दिलं, तर कायद्यानं ते परदेशी योगदान ठरत नाही. पण त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतं. मग एफसीआरएची, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नातं जवळचं आहे म्हणून आपल्या खात्यात घेऊन टाकू नका. आणि मंडळीचा क्यूआर कोड मंडळीच्याच खात्याचा असू द्या, खजिनदाराच्या मोबाइलचा नको.

ऑडिटचं थोडक्यात: ३१ मार्चला वही बंद. १९५०चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा हिशेब ठेवायला आणि तपासून घ्यायला सांगतो. ट्रस्ट तुमचा असो वा मंडळी मोठ्या संस्थेच्या ट्रस्टखाली असो, कागद तयार लागतातच. दर महिन्याला बँकेचं पासबुक वहीशी ताडून बघितलं, तर एप्रिलमध्ये धावपळ होत नाही.

कोण किती दशमांश देतं, हे मात्र माझ्या तोंडून घरीसुद्धा निघत नाही. बायबलमधली दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी लहान नाणी, टाकणारी विधवा आजही मागच्या बाकावर बसलेली असते. तिचं पाकीट उघडायचा मान मला मिळालाय.

ते भाऊ येत्या रविवारी पहिल्यांदा मोजायला बसतायत. सोबत कोण, म्हणून विचारलं, तर तरुण संघातली एक मुलगी, बी.कॉम.ला आहे. मोजणीचा कोरा तक्ता मी दोघांनाही व्हॉट्सॲपवर पाठवलाय.