बियाचं तवसं

(मांडवाखालून वर बघणारा कॅमेरा. पानांतून झिरपणारा उजेड. मागे समुद्राची गाज.)

सकाळचे साडेसहा. भाजी काढायला बायका मांडवाखाली शिरल्यात, आणि पहिलं वाक्य कानावर पडतं ते मनाईचं.

"तां बियाचां आसा. हात लावू नको."

तवसं म्हणजे आपली पावसाळी काकडी. हे एवढं मोठं आणि पिवळं झालंय, तरी वेलीवरच आहे. चतुर्थीला याच मांडवावरची तवशी घरोघरच्या माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगली गेली. हे तेवढं तेव्हापासून राखलंय.

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातली ही एक वाडी. व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची पडीक जमीन इथल्या बायकांनी मिळून कसायला घेतली. जमीन जांभ्याची. पावसाळ्यात 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पोटात टिकवून ठेवायची सवय या मातीला नाही. म्हणून वाफ्यात शेणखत, पातेरा म्हणजे सुका पालापाचोळा, आणि चुलीतली राख सतत पडत राहते. नवीन आलेल्या सुनेला इथे पहिलं काम मिळतं ते टोपलीचं.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सरतो, पाऊस कोकणातून काढता पाय घेतो, आणि मळ्यात एकाच वेळी दोन हंगाम नांदू लागतात. वर मांडवावर पावसाळी वेल आटोपत आलेत. खाली नवे वाफे तयार होतायत. दोडक्याची पानं कडेनं करपलीत. भोपळा मात्र अजून दमलेला नाही. पडवळं लोंबतायत, आणि प्रत्येकाच्या टोकाला सुतळीनं खडा बांधलाय. खडा नसेल तर पडवळ वेटोळं घालतं. चव तीच, पण बाजारात वाकड्या पडवळाकडे कोणी बघत नाही.

(संध्याकाळ. पडवळाचं पांढरं, झालरीचं फूल. जवळून.)

हे फूल बघायचं तर अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं. दोडका संध्याकाळी फुलतो, पडवळ त्याहून उशिरा. मधमाश्या घरी गेल्यावर इथे पतंगांची पाळी सुरू होते. आम्ही दोन रात्री थांबलो. चित्रीकरण थोडं झालं, डास भरपूर चावले.

मांडवाच्या खांबाला टांगलेला प्लास्टिकचा डबा दिसतोय? तो फळमाशीसाठी. मादी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून फळ कुजवतात, आणि वरून फक्त एक बारीक टोचा दिसतो. डब्यातल्या गंधाला भुलतात ते नर. नर कमी झाले की मादीची अंडी फळत नाहीत. पहिल्या वर्षी यावर इथे फार हसले होते. आता डबा कोणी हलवला तर भांडण होतं.

भांडणांचं म्हणाल तर सामायिक कामात ती असायचीच. सगळ्यात मोठं भांडण वांदर राखायच्या पाळीवरून. आम्ही कॅमेरा लावला त्या सकाळी एकही वांदर फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा पेटीत होता आणि दोन भोपळे गेले.

(वाफे. हातानं विस्कटलेलं बी.)

खालच्या वाफ्यात तांबडी भाजी आणि मुळा. पलीकडे भात कापून मोकळे झालेले कुणगे. ओल आहे तोवर तिथे कुळीथ आणि चवळी टाकायची. कुंपणाला वाल चढलाय, पण त्याला फूल नाही. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. खत घाला, पाणी घाला, हा ऐकत नाही. नंतरच्या पाण्यासाठी पुरुषमंडळी व्हाळावर बंधारा घालतायत, सिमेंटच्या रिकाम्या गोणत्यांत माती भरून. हे काम बरंच उशिरा सुरू झालं, असं बायकांचं मत आहे, आणि पाण्याची धार बघून आम्हालाही तसंच वाटलं.

आता त्या तवशाकडे येऊ. दापोलीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. तिथल्या 'कोकण श्वेता' पडवळाचं बी इथे लावलंय. ते सुधारित वाण आहे, त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी त्याचं बी घरी धरता येतं. दुकानातल्या संकरित पाकिटाचं तसं नाही. त्याच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, काय येईल ते सांगता येत नाही. तवशाचं बी मात्र कुठल्याच पाकिटातलं नाही. या वाडीत ते सासूकडून सुनेकडे आलंय.

तवसं पुरतं पिकलं, सालीला बारीक भेगा पडल्या की ते फोडतात. गीर धोंडसात, म्हणजे तवशाच्या गोड केकमध्ये जातो, बी राखेत घोळून चुलीमागच्या भिंतीला थापतात. धूर लागला की किडा लागत नाही.

(वही. पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा.)

रोजची भाजी वहीत लिहिली जाते. पडवळ, दोडका, भोपळा, पुढे वजन. सगळ्यात खाली एक ओळ चतुर्थीपासून तशीच आहे: तवसं, एक. वजनाचा रकाना रिकामा.