राक्षस असता, तर त्याचे शेण सापडले असते

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. पावसाने माती धुतली गेली की इथल्या शिवारात काही वेगळेच दगड उघडे पडतात. पडद्यावर तळहातावर दिसणारा दगड त्यांपैकीच एक आहे. तो लिंबाएवढा आहे, एका टोकाला निमुळता होत गेला आहे, अंगावर बारीक वळ्या आहेत आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागतो. ही साडेसहा कोटी वर्षांहून जुनी विष्ठा आहे, जी काळाच्या ओघात दगड झाली. राक्षस खरोखर असू शकतात का, या प्रश्नाचा विचार आपण याच दगडापासून सुरू करणार आहोत, कारण जो प्राणी जगतो तो खातो, आणि जो खातो तो मागे काहीतरी टाकून जातो.

विदर्भातल्या खेड्यांत जागलीला गेलेल्या माणसांच्या तोंडून चकवा, मुंजा, आसरा यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ऐकायला मिळत आल्या आहेत. या गोष्टींना शरीर नाही, त्यामुळे त्यांना तराजू लावता येत नाही आणि इथे आपण तो लावणारही नाही. आपला विषय आहे तो हाडामांसाचा राक्षस, जो वाट अडवतो, गुरे फाडतो आणि गावाकडे माणूस मागतो. महाभारतातला बकासुर असा आहे. त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस लागत असे. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट ऐकताना कोणी तरी आजोबा हमखास विचारतात, की एवढे अन्न त्या गावाने आणले तरी कुठून? विज्ञानाचा पहिला प्रश्नही नेमका हाच आहे, म्हणून त्या आजोबांचा मला मोठा आदर वाटतो.

मात्र अन्नाच्या आधी हाडांचा विचार करावा लागतो. तान्ह्या पोळ्याला पोरे ओढतात तो वीतभर उंचीचा लाकडी नंदीबैल डोळ्यांसमोर आणा. त्याची उंची, लांबी आणि रुंदी सगळीच दहापट केली, तर त्याचे वजन दहापट न होता हजारपट होते, कारण वजन तिन्ही बाजूंनी वाढते. त्याच्या पायांची जाडी मात्र दोनच बाजूंनी मोजली जाते, म्हणून पायांची ताकद शंभरपटच वाढते. याचा अर्थ पायाच्या प्रत्येक बोटभर जागेवर आता दहापट भार येतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला आणि मोठ्या प्राण्याची हाडे लहान प्राण्याच्या हाडांची केवळ वाढवलेली प्रत असू शकत नाहीत, हे दाखवून दिले. माणसाच्याच बांध्याचा, पण दहापट उंच असा राक्षस सुमारे १७ मीटर उंच आणि ७० टन वजनाचा होईल. त्याने पहिले पाऊल धावत टाकले, तर त्याच्या मांडीचे हाड शाबूत राहण्याची शक्यता फारच थोडी आहे. शिवाय उष्णतेचा प्रश्न वेगळाच आहे. शरीरात उष्णता तयार होते ती सगळ्या देहात आणि बाहेर पडते ती कातडीतून, जी त्या मानाने कमी वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की हत्तीलाही कान हलवून आणि चिखलात लोळून स्वतःला सांभाळावे लागते. केसाळ अंगाच्या ७० टनांच्या राक्षसाला चंद्रपूरच्या उन्हाळ्यातली एक दुपारसुद्धा जड जाईल.

आता भुकेचा हिशोब मांडू. प्राणी मोठा होतो तशी त्याची भूक वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. वजन हजारपट झाले, तर भूक साधारण पावणेदोनशेपट होते, हे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेल्या नियमावरून निघते. त्यामुळे भातावरच जगणाऱ्या बकासुराला गाडाभर भात पुरला असता आणि गोष्ट रचणाऱ्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता, असे म्हणावे लागेल. पण तोच राक्षस मांसावर जगत असेल, तर त्याला रोज तीन ते चार क्विंटल मांस लागेल, म्हणजे वर्षाला तीन-चार हजार चितळे. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार करतो आणि तेवढी शिकार दरवर्षी मिळत राहावी म्हणून त्याच्या परिसरात पाचशेच्या आसपास तृणभक्षी प्राणी असावे लागतात. ताडोबाच्या रानात असा एक राक्षस पोसायचा, तर पन्नासाहून अधिक वाघांचा घास त्या एकट्याच्या तोंडी जाईल आणि रान लवकरच ओस पडेल.

शिवाय गोष्टीतला राक्षस नेहमी एकटा असतो. जिवंत सृष्टीत एकटा प्राणी म्हणजे शेवटचा प्राणी. पणजोबांनी पाहिलेला आणि आज नातवालाही दिसलेला राक्षस खरा असेल, तर मधल्या काळात त्याला जोडीदार मिळाला असला पाहिजे, पिल्ले झाली असली पाहिजेत आणि काही मेलेही असले पाहिजेत. अशी वसाहत दीर्घकाळ टिकायला डझनावारी, खरे तर शेकडो प्राणी लागतात.

इतके प्राणी लपून राहू शकतात का? याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. २०२१ साली छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा एक कळप या जिल्ह्यात उतरला. त्या हत्तींवर विश्वास ठेवा, असे कोणाला सांगावे लागले नाही. धानाच्या बांधीत परातीएवढी पावले उमटली, मोडलेल्या बांबूच्या रांगा दिसल्या आणि वाटेवर लिदीचे ढीग पडले. एक हत्ती दिवसाला शंभर किलोच्या आसपास लीद टाकतो, त्यामुळे कळप कुठून आला आणि कुठे गेला, हे शाळकरी पोरालाही सांगता आले असते. यवतमाळच्या पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरली गेलेली टी-१ वाघीण हाही असाच दाखला आहे. संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बायामाणसांच्या मनात त्या काळात जी धडकी होती, ती कोणत्याही राक्षसाच्या गोष्टीपेक्षा खरी होती, आणि ज्या घरांतली माणसे गेली त्यांच्यासाठी ती आजही आहे. पण ती वाघीण अदृश्य नव्हती. कॅमेऱ्यांनी तिची छायाचित्रे टिपली, तिचे ठसे मिळाले आणि तिला दोन बछडे असल्याचेही कळले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती मारली गेली.

पाण्यातल्या राक्षसाची बाब अधिक नाजूक आहे, कारण पाणी ठसा ठेवत नाही, असे आपण समजतो. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत काय दडले आहे, याच्या गोष्टी गावागावांत आहेत. पण पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक जिवाची कातडी, लाळ आणि विष्ठा झडत राहते आणि बाटलीभर पाण्यातूनही त्याचा डीएनए वेगळा करता येतो. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस या सरोवरात २०१८ साली न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या गटाने हेच केले. तिथल्या प्रसिद्ध राक्षसाशी जुळणारा सरपटणाऱ्या प्राण्याचा कोणताही डीएनए त्यांना मिळाला नाही, मात्र ईल माशाचा भरपूर मिळाला. हिमालयातल्या यती नावाच्या हिममानवाचे म्हणून जपलेले नऊ नमुने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले, तेव्हा आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

एक राक्षस मात्र खरा निघाला, आणि हे सांगितले नाही तर हिशोब अपुरा राहील. जहाजाला विळखा घालणाऱ्या, अनेक हातांच्या सागरी राक्षसाच्या कथा युरोपातले खलाशी शतकानुशतके सांगत होते. १८५७ साली यापेटुस स्टेनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने एका चोचीच्या आधारे महाकाय स्क्विड या अनेक हातांच्या समुद्री प्राण्याला शास्त्रीय नाव दिले आणि २००४ साली जपानी संशोधकांनी तो खोल समुद्रात जिवंत असताना त्याची छायाचित्रे टिपली. जहाजे तो बुडवत नाही, पण तो आहे. त्याची चोच व्हेलच्या पोटात सापडत होती आणि त्याची कलेवरे किनाऱ्याला लागत होती, म्हणजे जिवंत दिसण्याच्या कितीतरी आधी त्याने आपली खूण दिली होती.

बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवराबद्दल अशी कथा आहे की तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आजही लोणार गावात उभे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा कोणी खणला, याचा पुरावा तिथल्या दगडांत मिळाला. त्यांत मास्केलिनाइट ही काच सापडली, जी प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही, आणि त्यावरून तिथे अशनी आदळल्याचे सिद्ध झाले. कथेने खळग्याची दखल घेतली होती, हे मला तरी कमी महत्त्वाचे वाटत नाही.

आता पुन्हा पिसदुऱ्याला येऊ, कारण अवाढव्य देह या भूमीवर खरोखरच वावरले आहेत. इथून जवळच डोंगरगावला आयसीसॉरस या डायनासोरचा सांगाडा मिळाला. खांद्यापासून कोपरापर्यंतचे त्याचे एकच हाड जवळजवळ दीड मीटर लांब आहे. गॅलिलिओचा नियम त्यानेही मोडला नव्हता. या कुळातल्या प्राण्यांचे पाय खांबासारखे सरळ होते, मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या आणि डोके लहान होते, कारण ते चारा चावत नसत, नुसता गिळत. आकार मोठा करायचा, तर सगळा देह नव्याने बेतावा लागतो, आणि गोष्टीतल्या राक्षसाला तसा बेतलेला देह मिळालेला नाही.

आता तळहातावरचा तो दगड पाहा. पिसदुऱ्याचे असे दगड संशोधक वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २००५ साली जाहीर केले, की त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण आहेत. डायनासोरांच्या काळात गवत होते, याचा असा पुरावा तोवर जगाकडे नव्हता. २०११ च्या पुढच्या अभ्यासात त्यांतले काही कण भाताच्या कुळातल्या गवताचे असल्याचे दिसले. ही विष्ठा टायटॅनोसॉर गटातल्या, म्हणजे आयसीसॉरसच्याच कुळातल्या, प्राण्यांची असावी असे मानतात, कारण त्यांची हाडे त्याच थरात मिळतात. हे दगड जिथे दिसतील तिथेच राहू द्यावेत, घरी नेऊ नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. ज्या जिल्ह्यात आज ब्रह्मपुरी-नागभीडकडे धानाच्या बांध्या हिरव्या होतात, त्याच जिल्ह्याच्या मातीत भाताचा एक प्राचीन नातलग एका महाकाय प्राण्याच्या पोटातून जाऊन आपल्यापर्यंत पोहोचला आहे.