पायाखालचा मिरो

(काळा पडदा. ट्रॉली बॅगेच्या चाकांचा खडखडाट. हळूहळू दृश्य उजळतं: झाडांची सावली, माणसांचे पाय.)

बार्सिलोना. ला राम्बला.

शहराच्या मधल्या चौकातून, प्लासा दे कातालुन्यातून, हा रस्ता निघतो आणि सव्वा किलोमीटर उतरत थेट बंदराशी जातो. गाड्यांना दोन्ही कडेला एकेक चिंचोळी पट्टी, आणि मधला सगळा ऐसपैस भाग पायी चालणाऱ्यांचा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फूटपाथ असतो, इथे फूटपाथच्या कडेला रस्ता आहे.

राम्बला हा शब्द मुळात अरबी. 'रमल' म्हणजे वाळू. पावसात धो धो वाहणारा आणि एरवी कोरडा पडणारा ओढा इथे होता. पुढे तो बुजला, त्याचा रस्ता झाला. आजही खालच्या फरशीवर लाटांची नक्षी आहे. ओढा गेला, पण त्याच्या लाटा तेवढ्या राहिल्या, असं म्हणायला हरकत नाही.

(कॅमेरा खाली झुकतो. लाटांच्या नक्षीत एकदम लाल, निळा, पिवळा.)

अर्ध्या वाटेवर, लिसेऊ ऑपेरा हाउससमोर, या लाटांमध्ये एक मोठं वर्तुळ येतं. लाल, निळा, पिवळा, पांढरा, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी जाड काळी रेघ. कठडा नाही, दोरी नाही, 'स्पर्श करू नये' अशी पाटीही नाही. एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्यावरून गेली. एक कुत्रा त्यावर थांबला, हुंगला, पुढे गेला.

हे जोआन मिरोचं काम. विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रकारांपैकी एक. त्याची चित्रं संग्रहालयात लावली की बाजूला पहारेकरी उभा करतात. इथे तो पायाखाली आहे, आणि आपखुशीने आहे.

मिरोचा जन्म 1893 चा, इथून चालत काही मिनिटांवरच्या एका बोळातला. म्हणजे ही त्याची गल्लीच. शहराला भेट म्हणून त्याने जी कामं केली, त्यांची कल्पना मोठी गमतीची होती. विमानाने येणाऱ्याचं स्वागत विमानतळावरच्या भिंतीने करावं, समुद्रातून येणाऱ्याचं राम्बलावरच्या जमिनीने, आणि जमिनीवरून येणाऱ्याचं एका उंच शिल्पाने. भिंत 1970 मध्ये झाली. जमीन 1976 मध्ये. शिल्प 1983 मध्ये उभं राहिलं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मिरो गेला.

राम्बलावरच्या मोझॅकवरून लोकांनी चालावं अशी त्याचीच इच्छा होती. एका लादीवर त्याची सही आहे. शोधावी लागते. आम्हाला बराच वेळ सापडेना, कारण तिच्यावर एक गृहस्थ उभे राहून फोनवर बोलत होते.

(दृश्य बदलतं: पुण्यातली एक गच्ची, पांढऱ्या तुकड्यांची जमीन, ऊन.)

आता थोडं घरचं.

आपल्याकडे मोझॅक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ठिपक्याठिपक्यांची सिमेंटची लादी. चाळीपासून को-ऑपरेटिव्ह सोसायटीपर्यंत दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या. घर घेतलं की आधी मशीन लावून तिला पॉलिश करायचं, आणि ते पांढरं चिखलपाणी जिन्यावरून उतरलं म्हणून खालच्या मजल्यावरच्यांशी भांडायचं. पण खरं सांगायचं तर ते मोझॅक नव्हेच. त्यात संगमरवराची खडी सिमेंटमध्ये मिसळलेली असते. तुकडा तुकडा हाताने बसवून केलेलं ते मोझॅक. आणि तेही आपल्याकडे आहे, फक्त आपण वर मान करून बघत नाही. गच्चीवर कोबा केला की त्यावर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवतात, ते चायना मोझॅक. गवंडी हातोडीने लादी फोडतो आणि तुकडे ओल्या मसाल्यावर एकेक करून दाबतो. नंतर फटी भरायच्या. पाणी झिरपत नाही आणि पांढऱ्या रंगाने ऊन परतवलं जातं. कलेबिलेचा इथे संबंध नाही. गळती थांबली की काम झालं.

बार्सिलोनात हेच काम करतात आणि त्याला म्हणतात त्रेंकादीस. 'त्रेंकार' म्हणजे इथल्या कॅटलन भाषेत तोडणं, फोडणं.

(पार्क ग्वेल. नागमोडी बाक. सकाळचं कोवळं ऊन.)

हा पार्क ग्वेल. याला आता तिकीट आहे आणि गर्दीही तशीच. एउसेबी ग्वेल नावाच्या श्रीमंत माणसाने 1900 मध्ये अंतोनी गौदी या वास्तुकाराला इथे टेकडीवर बंगल्यांची वसाहत करायला सांगितली. साठ प्लॉट काढले. घरं झाली दोन. स्कीम साफ बुडाली, आणि पुढे नगरपालिकेने जागा घेऊन बाग करून टाकली. बुडालेल्या बांधकाम योजनेतून जगाचा वारसा निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

या बाकाजवळ बसा. बसा म्हणजे खरंच बसा, पाठीला बरं वाटतं. मग मान वळवून पाठीमागच्या टेकूकडे बघा. हे बशीचं कड आहे. गुलाबी फुलाचं अर्धं चित्र त्यावर तसंच आहे, पाकळीच्या मध्यावर तुटलेलं. शेजारी हिरवी लादी, तिच्या शेजारी पांढरी. मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांतून टाकून दिलेला माल गोळा केला आणि हे झालं. रंगांची बहुतेक करामत गौदीची नव्हे, त्याच्या हाताखालच्या जोसेप मारिया जुजोलची. नाव मात्र सगळं गौदीचं. आपल्याकडच्या गवंड्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि आता गच्चीचा मुद्दा. हा बाक ज्या मैदानाच्या कडेला आहे, ते मैदान म्हणजे खालच्या खांबांच्या दालनाचं छत आहे. मैदानाला फरसबंदी केलेली नाही. पाऊस वाळूतून झिरपतो, पोकळ खांबांतून खाली उतरतो आणि दालनाखालच्या टाकीत साठतो. टाकी साधारण बारा लाख लिटरची. टाकी भरली की जास्तीचं पाणी जिन्यावरच्या त्या रंगीत सरड्याच्या तोंडातून बाहेर पडतं. ज्या सरड्याबरोबर फोटो काढायला इथे रांग लागते, तो म्हणजे टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आहे. 2007 मध्ये कुणीतरी त्याचं तोंड फोडलं होतं. तुकड्यांचंच असल्यामुळे तुकड्यांनीच दुरुस्त झालं.

(पुन्हा राम्बला. या वेळी आवाज कमी केलेला.)

17 ऑगस्ट 2017. गुरुवार. दुपारचे पाच वाजायला आले होते, आणि ऑगस्ट म्हणजे इथे पर्यटकांचा भर हंगाम.

प्लासा दे कातालुन्याच्या बाजूने एक पांढरी व्हॅन या मधल्या, फक्त चालणाऱ्यांच्या पट्ट्यात शिरली. पाचशे मीटरहून जास्त अंतर ती माणसांतून धावत राहिली. जिथे थांबली ती जागा हीच. मिरोचं वर्तुळ.

त्या दिवसाच्या हल्ल्यांत, बार्सिलोनात आणि काही तासांनी काम्ब्रिल्स गावात मिळून, सोळा जीव गेले. शंभराहून जास्त जखमी झाले. मेलेल्यांमध्ये तीन वर्षांचं मूल होतं. कितीतरी देशांची माणसं होती, कारण या रस्त्यावर असतातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लासा दे कातालुन्यात लोक जमले. एक मिनिट शांतता पाळली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि टाळ्यांतून घोषणा आली, कॅटलनमध्ये: 'नो तिंक पो.' मला भीती वाटत नाही.

आणि लोक इथे आले. कुणीही न सांगता या वर्तुळाभोवती, वर्तुळावर, फुलं ठेवू लागले. मेणबत्त्या, चिठ्ठ्या, कापडी अस्वलं. काही दिवसांत खालचा लाल-निळा दिसेनासा झाला. चालण्यासाठी केलेल्या चित्रावरून चालणं आपोआप थांबलं. नंतर महापालिकेने ते सगळं जपून उचललं. फेकलं नाही, शहराच्या इतिहास संग्रहालयाने ते राखून ठेवलं.

आता इथे, मोझॅकजवळच जमिनीत, एक ओळ आहे. 'हे शांतीच्या नगरी, तुझ्यावर शांतीचं पांघरूण असो.' चार भाषांत: कॅटलन, स्पॅनिश, इंग्रजी आणि अरबी. ज्या रस्त्याचं नावच अरबी, त्याच्यावर ती लिपी बघून मी जरा थांबलो.

ही ओळ सुद्धा पायाखालीच आहे.

(स्थिर दृश्य. लोक येतात, काही ओळ ओलांडतात, काही तिच्यावर पाय ठेवून जातात.)

इथे माझ्यातला मराठी माणूस अडखळला. पुस्तकाला पाय लागला तर आपण पटकन हात लावून कपाळाला नेतो. मेलेल्यांच्या आठवणीवर पाय द्यायचा? हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो असंही नाही. जर्मनीत गुंटर डेमनिग नावाचा कलाकार 1992 पासून फूटपाथवर तळहाताएवढ्या पितळी पट्ट्या बसवतो आहे. नाझींनी ज्यांना घरातून नेलं, त्यांच्या घरासमोर त्यांची नावं. युरोपभर अशा पट्ट्या एक लाखाच्या वर गेल्या. पण म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यांवर त्या बसवू दिल्या नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्यांचंच म्हणणं होतं की, या नावांवर पुन्हा कुणाचे बूट पडायला नकोत. बाजू घेणं अवघड आहे. मी घेत नाही.

मला मात्र पंढरपूर आठवलं. विठ्ठलाच्या महाद्वारातली पहिली पायरी, नामदेव पायरी. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असं आपण मानतो. मागितलं काय, तर पाय. आणि वारकरी काय करतो? त्या पायरीवर पाय ठेवत नाही. वाकतो, डोकं टेकवतो, आणि ओलांडून पुढे जातो. सातशे वर्षं होत आली, नामदेवांची इच्छा काही आम्ही पुरी होऊ दिलेली नाही.

मिरोच्या बाबतीत उलटं झालं. त्याने मागितले ते पाय त्याला मिळाले, रोज, हजारोंनी. फक्त त्या ऑगस्टमध्ये ते थांबले होते. फुलं उचलल्यावर पुन्हा सुरू झाले.

(संध्याकाळ. दुकानांचे दिवे. सात-आठ वर्षांची एक मुलगी मोझॅकवर, काळ्या रेघेवर तोल सांभाळत चालते आहे.)

ती फक्त काळ्यावर पाय ठेवते आहे. लालवर पडला की बाद, असा काहीतरी तिचा नियम असावा. तिची आई ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांशी उभी राहून हाका मारते आहे. मुलीला अजून अर्धं वर्तुळ बाकी आहे.

(पडदा पुन्हा काळा. सुरुवातीचा ट्रॉलीच्या चाकांचा आवाज.)

हा आवाज तुम्ही सुरुवातीला ऐकलात. पहिल्या दिवशी आम्ही मेट्रोतून बाहेर आलो, हॉटेल शोधत होतो, आणि कॅमेरा चुकून चालूच राहिला होता. मुंबईला परत आल्यावर एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं. खडखडाट चालला आहे, चालला आहे, आणि मध्येच पाच-सहा सेकंद त्याचा सूर बदलतो.

(दृश्य: हलता, तिरका कॅमेरा. चाकांखालून जाणारा निळा, पिवळा, काळा.)

आम्ही मिरोवरून बॅगा ओढत गेलो होतो. मागून माझाच आवाज येतो आहे, "अरे, डावीकडे की उजवीकडे?"