रिकामी मूठही वाजते

तुमच्यापैकी काहींनी जमिनीत पुरलेल्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन दोन-तीन महिने झाले असतील आणि आता तो कपाटावर जाऊन बसला असेल. हसू नका, माझाही बसला होता. म्हणून आज मला काय काय सापडलं ते सांगत बसत नाही. काहीच सापडत नाही, त्या दिवसांबद्दल बोलू.

पहिल्या दिवसाची फजिती ऐका. सिग्नल आला, खणलं, खड्ड्यात काही दिसेना. कुणीतरी शिकवलं होतं की मूठभर माती कॉइलवरून, म्हणजे यंत्राच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून, फिरवायची. वाजली की वस्तू मुठीत आहे. फिरवली, वाजली. अर्धी माती टाकली, उरलेली फिरवली, वाजली. पुन्हा अर्धी टाकली. असं करत चिमूटभर माती उरली आणि तीही ठणठणीत वाजत होती! शेवटी हात झटकला आणि नुसता तळवा पुढे केला, तर तोही वाजला. मग कुठे बोटातल्या अंगठीकडे लक्ष गेलं. यंत्र पहिल्यापासून खरंच बोलत होतं.

बरं, यात आपण एकटे नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल एक यंत्र तयार करून घेऊन आले. आपल्या डिटेक्टरचा हा पणजोबाच. चाचण्यांमध्ये ते चाललं होतं, पण अध्यक्षांच्या अंगावरून फिरवल्यावर नेमकं काही सांगेना. नंतर लक्षात आलं की खालच्या गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूलाच घ्यायला लावला होता, आणि गोळी निघाली डावीकडे. तीही १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेल्यावर, शवविच्छेदनात. बेलसारख्या माणसाला गादीने फसवलं, तर आपल्याला अंगठीने फसवलं याचं फार मनाला लावून घेऊ नका.

आता यंत्र नेमकं काय सांगतं ते पाहू, कारण वैतागाचं मूळ तिथेच आहे. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं आणि ते परत कॉइलकडे येतं. ते किती जोरात आलं आणि किती मागे पडून आलं, एवढंच यंत्राला कळतं. पडद्यावरचा आकडा त्यावरून ठरतो, म्हणजे वस्तू विजेला किती वाट देते आणि केवढी आहे यावरून. वस्तूची किंमत त्यात कुठेच नाही. लोखंडी खिळे खालच्या आकड्यांत, तांब्या-चांदीची नाणी वरच्या. मधल्या पट्ट्यात चॉकलेटची चांदी, शीतपेयाच्या कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी, सगळी एका पंगतीला!

नवशिक्या काय करतो? दहा कड्या निघाल्या की चिडतो आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय, वाढवून तो पट्टाच बंद करतो. शांतता होते. त्या शांततेत अंगठीही गेली, हे त्याच्या गावीही नसतं. लोखंड बंद केलं तरी धोका आहेच. नाण्याला चिकटून खिळा पडला असेल, तर खिळा नाण्याचा आवाज गिळतो.

म्हणून माझं मत, आणि ते सगळ्यांना पटत नाही: सुरुवातीला सगळं खणा. मात्र खणण्याआधी काय निघेल ते मोठ्याने बोला. “कडी.” “खिळा.” “नाणं.” मग खणा आणि स्वतःची जिरवून घ्या. नाण्याचा आवाज गोल, मऊ असतो; कॉइल उजवीकडून नेली काय, डावीकडून नेली काय, तो तसाच येतो. खिळ्यावर नव्वद अंश वळून पुन्हा फिरवलं की आवाज बहुधा फाटतो, तुटतो. लोखंडाचा मोठा पत्रा मात्र चांदीचं सोंग घेऊन भल्याभल्यांना खड्ड्यात उतरवतो. कान तयार होतो तो भंगारावरच. भंगार बरोबर घेऊन या, पुन्हा मातीत टाकू नका.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती बारीक आवाज ऐकेल ते ठरवणारं बटण, शेवटपर्यंत पिळायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने खोलवरचं नाणं मिळत नाही. वरून जाणारी विजेची तार, खिशातला मोबाईल, मातीतली खनिजं, सगळे एकदम बोलायला लागतात. बडबड थांबेपर्यंत ती खाली आणा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी, नीट करा. खाऱ्या ओल्या वाळूत तर आधी हेच. साध्या यंत्राने नाण्याएवढी वस्तू पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत कळली तरी खूप झालं. आणि कॉइल झोपाळ्यासारखी हलवू नका. दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते आणि तेवढी खोली वाया जाते. जमिनीला समांतर, सावकाश.

जागेची परवानगी घ्या, संरक्षित स्थळांवर पाऊल टाकू नका, खड्डा बुजवा. यावर चर्चा नको.

१९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. सापडला रोमन काळातला खजिना, जवळपास पंधरा हजार नाणी. थोडंसं बाहेर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी खबर दिली. पुढचं उत्खनन पुरातत्त्वज्ञांनी केलं. मला आवडतो तो हातोडा. तोही मिळाला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

चला, आता बाहेर जाऊ. तुमच्या सरावासाठी मी सकाळी मागच्या मोकळ्या जागेत सात वस्तू पुरल्यात: तीन नाणी, दोन खिळे, एक कडी, एक पितळी किल्ली. सहांच्या खुणा वहीत आहेत. किल्ली कुठे पुरली ते लिहायचं राहिलं, आणि ती माझ्या कपाटाची आहे.